सायकल मिळाली, रस्त्याची कड कोण देणार? ऊसाच्या हंगामात शाळकरी लेकरांचा जीव टांगणीला

नांदेड/लातूर : गाळपाचा हंगाम ऐन भरात आला की दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर सकाळी साडेनऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत सगळ्यांचीच गाठ पडते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ऊसाचे ट्रॅक्टर, वाळूचे हायवा, खच्चून भरलेल्या काळी-पिवळी, दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली. आणि या सगळ्यांच्या डाव्या अंगाला, डांबराच्या अगदी काठावरून, पाठीला दप्तर लावून चाललेल्या आठवी ते बारावीच्या पोरी.

सायकल म्हटलं की शहरातल्या माणसाला पहाटेचा व्यायाम आठवतो. लोहा, मुखेड, नायगाव, अहमदपूर, चाकूरकडच्या वाडी-तांड्यावर सायकल म्हणजे शाळा. एसटी वेळेवर आली नाही, किंवा आलीच नाही, तर लेकरू शाळेत पोचतं ते सायकलीवर. ऑक्टोबर २०२१ अखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात ज्या घरात सायकल होती त्या घरातल्या पोरीची शाळा चालू राहिली, हे गावोगावी लोकांनी बघितलं आहे.

सरकारलाही हे माहीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ही रक्कम ३,५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५,००० करण्यात आली. नांदेड जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत या सायकली दिसतात. योजना चांगली आहे, त्यात वाद नाही. प्रश्न पुढचा आहे. सायकल दिली, पण ती चालवायची कुठून, याचा विचार रस्ता करताना कोणी केला का?

रस्ता रुंद झाला, कड गेली

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाला. बार्शीहून लातूर, उदगीर, देगलूरकडे जाणारा ६३ क्रमांकाचा महामार्ग आहे. अकोल्याहून हिंगोली, नांदेड, नायगाव, देगलूरमार्गे तेलंगणात उतरणारा १६१ आहे. रस्ते सुधारले हे खरंच. लातूरला माल न्यायला, नांदेडला दवाखाना गाठायला वेळ कमी लागतो. बाळंतपणाची बाई वेळेत पोचते. कोणीही शेतकरी याला नाव ठेवणार नाही.

पण रस्ता मोटारीसाठी सुधारला. सायकलीसाठी त्यात तीन अडचणी नव्याने तयार झाल्या.

पहिली अडचण साईडपट्टीची. रस्त्यावर थरावर थर चढत जातात, मुरमाची साईडपट्टी मात्र खालीच राहते. कुठे चार बोटं, कुठे वीतभर खड्डा. मागून हॉर्न वाजला की पोरीने सायकल खाली घ्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण त्या काठावरून चाक खाली उतरलं की हँडल वाकडं होतं आणि सायकल पडते. ती कुठल्या बाजूला पडेल याचा भरवसा नसतो. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यासह मराठवाड्यात अतिवृष्टीने जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्यात जिथे साईडपट्ट्या खचल्या, तिथे आधी डांबरावरचे खड्डे बुजतात. कड भरायची पाळी शेवटी येते.

दुसरी अडचण दुभाजकाची. चौपदरी रस्त्याच्या या अंगाला गाव आणि त्या अंगाला शाळा, असं बऱ्याच ठिकाणी झालं आहे. मधला कट लांब असतो. नियमाने जायचं तर आधी शाळेच्या उलट्या दिशेला जाऊन कट गाठायचा, वळायचं आणि परत यायचं. पाच मिनिटांची वाट वीस मिनिटांची होते. मग लेकरं काय करतात? काठाकाठाने उलट्या दिशेने सायकल घालतात, नाहीतर सायकल उचलून दुभाजकावरून पलीकडे नेतात. वाहनवाला म्हणतो, बघा, यांना शिस्त नाही. पण जिथे रोज पन्नास लेकरं एकाच ठिकाणी नियम मोडतात, तिथे दोष एकट्या लेकरांचा नसतो. तिथे रस्ता चुकीचा आखला आहे, असं समजायला पाहिजे. गावाजवळ सर्व्हिस रोड सलग असता, नाहीतर रस्त्याखालून जायला सोय असती, तर उलटं जायची वेळच आली नसती.

तिसरी अडचण गावच्या आतल्या रस्त्यांची. ग्रामसडक योजनेचा रस्ता बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर, म्हणजे ३.७५ मीटर रुंद असतो. ऊस भरलेली ट्रॉली, बाहेर आलेली टिपरं धरून, अडीच मीटर जागा सहज घेते. उरला सव्वा मीटर. सायकल चालवताना ती जराशी डावी-उजवी होतेच, तिलाच एक मीटर लागतो. म्हणजे या रस्त्यावर ट्रॅक्टरने सायकलीला पुढे टाकून जायला सुरक्षित जागाच नाही. एकाने थांबल्याशिवाय पर्याय नाही. आजवरच्या रिवाजात थांबते ती पोरगी. खरं तर थांबायला पाहिजे ट्रॅक्टरने.

ट्रॅक्टरवाल्यांचं आणि आपलंही

ऊसाच्या ट्रॅक्टरवर टीका करणं सोपं आहे. पण ट्रॅक्टर चालवणारा पोरगाही आपल्याच गावचा असतो. रात्रभर कारखान्याच्या आवारात नंबर लावून बसलेला, झोप न झालेला. खेपेवर पैसे, म्हणून घाई. ती घाई आणि ती झोप रस्त्यावर येते.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना एक गोष्ट होते, ती प्रत्येक लेकराला घरात समजावून सांगायला हवी. ट्रॅक्टर ज्या वाटेने वळतो, त्याच वाटेने मागची ट्रॉली वळत नाही. ती आतल्या बाजूला सरकते. पुढचं इंजिन बघून "जागा आहे" असं वाटतं, आणि मागची ट्रॉली येऊन ती जागा खाते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला सायकल असली तर सुटायला वाव राहत नाही. म्हणून फाट्यावर, कारखान्याच्या वळणावर, ट्रॅक्टरच्या शेजारी थांबायचंच नाही. मागे थांबायचं.

दुसरं, मागचा दिवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०४ व्या नियमात रिफ्लेक्टरची सक्ती आहे. तरी कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवाही नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो. असला तरी तो चिखलाने नाहीतर लोंबणाऱ्या पाचटाने झाकलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. महिन्याभराने त्यातले किती शाबूत आहेत हे वजनकाट्यावर बघितलं तर खरी परिस्थिती कळेल.

आणि शेतकऱ्यांचा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. सोयाबीन काढल्यावर रास वाळवायला अर्धा रस्ता कोण अडवतं? रानातून ट्रॅक्टर वर आणताना चाकाचा चिखल डांबरावर कोण सोडतं? बांधावरच्या वेड्या बाभळीची फांदी रस्त्यावर आली तर ती तोडायची कोणी? त्या फांदीचा काटा डोळ्यात जाऊ नये म्हणून सायकलवाली पोरगी रस्त्याच्या मधोमध येते, आणि मागचा ड्रायव्हर तिलाच शिव्या घालतो. अशा जागी दोष ना ड्रायव्हरचा, ना पोरीचा.

दिव्याचा आणि वेगाचा हिशेब

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पाचला शाळा सुटली, जादा तास झाला, की घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. सकाळी गोदावरी-मांजराच्या काठाने धुकं असतं. गाडीचा दिवा डिपरवर असेल तर साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतचं नीट दिसतं.

आता वेग बघा. ताशी ८० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढ्यात ३० मीटर संपले. त्यानंतर ब्रेक लागून गाडी उभी राहायला कोरड्या रस्त्यावरही अजून ४० मीटर लागतात. एकूण ७० मीटरच्या वर. दिसतंय ५० मीटरवरचं आणि थांबायला लागतात ७०. म्हणजे ज्या क्षणी सायकल दिसली, त्या क्षणी उशीर झालेला असतो. हीच गाडी ५० च्या वेगाने असेल तर साधारण ३५ ते ४० मीटरमध्ये थांबते. लेकरू वाचतं.

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. हे शाळेच्या पुस्तकातलंच गणित आहे. म्हणून गावाच्या हद्दीत आणि शाळेच्या फाट्यावर वेग कमी करा असं सांगणं हा नुसता उपदेश नसतो, त्यामागे हा हिशेब आहे.

देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दोन तृतीयांशापेक्षा जास्त ग्रामीण भागातली. महाराष्ट्रात हा आकडा १५ हजारांच्या वर होता. देशभरात मेलेल्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. अपघात म्हणजे शहरातली गोष्ट, हा समज सोडून द्यायला हवा.

कायदा कोणाच्या बाजूने?

फाट्यावर चहा पिताना एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "महामार्ग काय सायकलीसाठी आहे का?" कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन चालनाचे विनियम २०१७ मध्ये आले. त्यात पायी चालणारे, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची वाहनचालकाने विशेष काळजी घ्यायची, असं स्पष्ट सांगितलं आहे. जो जड वाहन चालवतो त्याची जबाबदारी मोठी, असा त्याचा साधा अर्थ.

रस्ता करणाऱ्यांनाही कायदा सोडत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल सुरक्षेच्या ठरवलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण पंचनाम्यात रस्त्याच्या कडेची उंची कोण लिहितो? "भरधाव वेगात" एवढे दोन शब्द लिहिले की कागद पूर्ण होतो. कड किती खोल होती, कट किती लांब होता, फलक होता का, हे कागदावर आलंच नाही तर या कलमाचा उपयोग शून्य.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्ता सुरक्षेच्या जुन्या याचिकेत सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. पायी चालणारे आणि विनाइंजिनाची वाहनं यांच्याबद्दलचे नियम त्यात येतात, तसंच राज्याच्या ताब्यातल्या रस्त्यांच्या आखणी-देखभालीच्या मानकांचे नियमही येतात. सायकल यातच बसते. मुंबईत बसून हे नियम लिहिले जातील तेव्हा त्यात पुणे-मुंबईचे फुटपाथ नक्की असतील. मराठवाड्यातली साईडपट्टी असेल की नाही, हे इथून किती जण बोलतात त्यावर ठरेल.

बाहेर कसं झालं

सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतात. तो देश आधीपासून तसा नव्हता. मोटारी वाढल्या तशा तिथल्या रस्त्यांवर माणसं मरू लागली. १९७१ या एका वर्षात ३,००० हून अधिक बळी गेले, त्यात ४०० हून अधिक लहान मुलं होती. मग आई-बाप रस्त्यावर उतरले, लेकरांचे जीव वाचवा म्हणून आंदोलन झालं, आणि सरकारला सायकलीसाठी वेगळी वाट काढावी लागली. जर्मनीत २०२० पासून नियम आहे की सायकलीला पुढे टाकताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. दीड मीटर म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले तर होतं साधारण तेवढं. आपल्याकडे कट मारून जाण्यात मर्दुमकी मानतात. त्या कटाच्या वाऱ्यानेही सायकल हलते, हे मोटारीत बसलेल्याला कळत नाही.

आपल्याकडे लगेच वेगळा सायकलमार्ग होईल असं कोणी म्हणणार नाही. पण कमी पैशात आणि याच हंगामात करता येण्यासारखं बरंच आहे.

आत्ता काय करता येईल

वाहनवाल्यांनी : सायकलीला पुढे टाकताना हात पसरल्याएवढं अंतर सोडा. जागा नसेल तर मागे थांबा, अर्धा मिनिट जाईल. अगदी जवळ आल्यावर प्रेशर हॉर्न वाजवू नका, लेकरू दचकून आतच येतं. सायकल दिसली की अप्पर सोडून डिपर मारा. गाडी उभी करून दार उघडताना मागे बघा. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात मोटारसायकल देऊ नका. त्याने अपघात केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सायकलवाल्यांनी : पायी चालताना उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं बघत चालावं. सायकल मात्र डाव्या बाजूनेच, वाहनांच्या दिशेने चालवावी. यात बऱ्याच घरांत गोंधळ आहे. शेजारी-शेजारी गप्पा मारत नको, एकामागे एक. डबलसीट नको. कानात हेडफोन नको. वळायच्या आधी मागे बघून हात दाखवावा. जुनी मंडळी सांगतात, एकेकाळी सायकलीला दिवा नसला तर पोलीस अडवायचे. आता दिवा कोणी विचारत नाही. केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी २०२० मध्ये गुणवत्तेचा आदेश काढला आहे, त्यामुळे नवी सायकल घेताना पुढे, मागे, पायडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर आहेत का ते दुकानातच बघून घ्यावं. जुन्या सायकलीच्या मागच्या मडगार्डला आणि दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवली तरी ड्रायव्हरला ती लांबून दिसते. खर्च एका वडापावाएवढा.

कारखान्यांनी : वजनकाट्यावर ट्रॉली येते तेव्हाच मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर बघावा. नसेल तर तिथेच लावून मगच ट्रॉली परत सोडावी. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या एका-एका तासात शाळेसमोरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जाऊ नयेत, एवढी वेळ पाळणं कारखान्याला अशक्य नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतींनी : कुठल्या फाट्यावर किती लेकरं सायकलीने रस्ता ओलांडतात हे दोन दिवस उभं राहून मोजावं. आकडा हातात असला की अर्जाला वजन येतं. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावा आणि पोच घ्यावी. मागणी मोठी नको. साईडपट्टी डांबराच्या बरोबरीने भरणं, शाळेआधी रंबलर आणि फलक, फाट्यावर एक दिवा, आणि सर्व्हिस रोड जिथे तुटलाय तिथे जोडणं. एवढंच मागावं.

अपघात झालाच तर

जखमीला उचलायला लोक भितात, पोलीस मागे लागतील म्हणून. कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ला अ‍ॅम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार भरपाई मिळते. त्याचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. बऱ्याच कुटुंबांना हे कळतच नाही, आणि कागद घरातच राहतो.

शेवटी प्रश्न शाळेचा

रस्त्यावर एखादा अपघात झाला की त्या वाटेवरच्या दहा घरांत त्या रात्री एकच चर्चा होते. उद्यापासून पोरीला पाठवायचं का नाही? पोराला कोणी थांबवत नाही, त्याला मोटारसायकल मिळते. पोरीची सायकल गोठ्यात उभी राहते. काही दिवसांनी शाळा सुटते, आणि मग घरात स्थळं बघायला सुरुवात होते. अपघाताच्या आकड्यांत ही पोरगी कुठेच मोजली जात नाही. तिला ना खरचटलं, ना लागलं. तरी तिचं नुकसान रस्त्यानेच केलेलं असतं.

२६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा होईल. घरकुल, नळाचं पाणी, विमा हे विषय असतीलच. त्यातच एक ठराव शाळेच्या वाटेच्या साईडपट्टीचाही घ्यावा, आणि तो मांडायला रोज त्या वाटेने सायकल चालवणाऱ्या पोरींनाच उभं करावं. कड कुठे खचली आणि ट्रॉली कुठल्या वळणावर अंगावर येते, हे इंजिनिअरपेक्षा त्यांना जास्त नेमकं सांगता येईल.